खालचा आवाज

क्लेम: आधी बस तरी. ती बादली उलटी कर आणि तिच्यावर बस. खुर्ची एकच आहे, आणि ती माझ्या कमरेसाठी आहे.

रेज: मी बसायला आलो नाही. सही कर, कागद दे. चारच्या बसने परत जातो.

क्लेम: एवढा चढ चढून माझ्या भाजीच्या वाफ्यांपर्यंत आलास, धाप लागलीय, आणि म्हणे बसायला आलो नाही. चहा उकळतोय. पी आणि मग भांड.

रेज: भांडायचं काय आहे? आपल्या सगळ्या रेकॉर्डी एका पेटीत काढतायत कंपनीचे ते लोक. पाच छोट्या, तीन मोठ्या, ब्रॅडफर्डच्या कार्यक्रमाची ती कॅसेट, झाडून सगळं. बँडच्या चौघांच्या सह्या हव्यात. कीथची स्पेनहून आली.

क्लेम: ऐकून केली का त्यानं?

रेज: कीथनं आयुष्यात काही ऐकून केलंय का?

क्लेम: नाही. म्हणून तर तुझ्या गिटारीशेजारी टिकला. घे, साखर टाकलेली नाही. कागद मी वाचला. चष्मा लावून, दोनदा. नववी ओळ वाच बरं.

रेज: मला पाठ आहे.

क्लेम: मग म्हणून दाखव.

रेज: ‘कालव्यावरचा दिवा’ या गाण्यातला तळचा अनोळखी आवाज नव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात येईल.

क्लेम: अनोळखी. हा शब्द कोणाचा?

रेज: कंपनीचा.

क्लेम: आणि तू वाचलास, आणि खोडला नाहीस.

रेज: तो आवाज म्हणजे कचरा आहे, क्लेम. गाण्यात चुकून पडलेला कचरा. आत्तापर्यंत काढायची सोय नव्हती, आता आहे. टेपा साफ करणारा तो नदीम म्हणाला, एका दुपारचं काम.

क्लेम: नदीम माझ्याकडेही येऊन गेला. चांगला पोरगा आहे, माझ्या बहिऱ्या कानाकडे बसून ओरडत नाही. त्यानं मला ही चकती दिलीय. हिच्यावर ते गाणं तीनदा आहे. एकदा तुला हवं तसं, धुतलेलं. एकदा पन्नास वर्षं होतं तसं. आणि एकदा तो तळचा आवाज एकटाच, वर काढलेला.

रेज: एकटा? ते मी सांगितलं नव्हतं त्याला.

क्लेम: मी सांगितलं.

रेज: कशाला?

क्लेम: ओसाकाहून त्या बाईचं पत्र आलं होतं, आठवतं? दुसऱ्या कडव्यात मागे कोण रडतंय म्हणून. लीड्सचा तो दाढीवाला अजून सांगत फिरतो की जुन्या गिरणीत जळून मेलेली पोरगी आहे, आपण तिथं रेकॉर्डिंग केलं म्हणून आत शिरली. आपण सगळे गप्प बसलो. भूत म्हटलं की लोकांना बरं वाटतं.

रेज: भूतच आहे ते.

क्लेम: नेव्हिल आहे तो, आपला गाणारा. माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, मध्ये एक जुनी गादी टांगलेली. गादी काय अडवणार त्याचा आवाज? टेपवरच्या त्याच्या पट्टीवरचं सगळं पुसून तिथं तू स्वतः गायलास. पण तो माझ्या ड्रमच्या माइकांतही शिरला होता, तिथून कसा पुसशील? ड्रम पुसले असते तर गाणंच गेलं असतं. म्हणून राहिला बिचारा. रेकॉर्ड, कॅसेट, सीडी, जपानची ती लाल वेष्टनाची, जिथं जिथं माझे ड्रम गेले तिथं माझ्या पाठीमागं लपून गेला. आणि आता तू त्याला दुसऱ्यांदा पुसतोयस.

रेज: मी एकट्यानं नव्हतं पुसलं.

क्लेम: बटण कोणी दाबलं होतं?

रेज: कंपनीचा लंडनचा तो माणूस डोक्यावर बसला होता. म्हणाला, हा पोरगा गातो की मेंढरं हाकतो? असल्या गावरान बोलीत गायलेलं आमच्याकडे कोण विकत घेईल? आठ पट्ट्या होत्या टेपला, आठही भरलेल्या. एक रिकामी करायची तर त्याचीच.

क्लेम: आणि तो कुठं होता?

रेज: गरम चिप्स आणायला गेला होता. आपल्या सगळ्यांसाठी. तुला माहीत आहे.

क्लेम: तू काय समजून आहेस ते मला माहीत आहे.

रेज: म्हणजे?

क्लेम: तू म्हणत आलास की तो परत आला तेव्हा सगळं उरकलं होतं. चिप्स खाताना आपण त्याला सांगितलं, आणि त्यानं मनाला लावून घेतलं नाही.

रेज: तसंच झालं.

क्लेम: तसं नाही झालं. तू डोळे मिटून गात होतास, पाठ दाराकडे. दुसऱ्या कडव्यापासून तो दारात उभा होता. छातीशी कागदाचं पुडकं, त्यातून वाफ येत होती. शेवटपर्यंत उभा राहिला. मग दार पुन्हा हळूच लावलं, बाहेर थांबला, आणि मोजून दोन मिनिटांनी जोरात बूट आपटत आत आला, जणू आत्ताच पोचतोय.

रेज: हे तू आज सांगतोस?

क्लेम: मी काठ्या मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. ते सांगायला मला पन्नास वर्षं लागली, तुला काय वाटतं, फक्त तुझीच झोप उडते?

रेज: आत आल्यावर तो म्हणाला, छान झालं.

क्लेम: छान झालं, आणि चिप्स गार होतायत. हो. आणि त्यानंतर कधी गायला का कुठं? आपली गाडी चालवायला लागला. रेडिओ लावायचा नाही. दोन वर्षं आपले स्पीकर वाहिले त्यानं, आणि त्या जानेवारीत बर्फावरून घसरून डोंगराखाली गेला, तेव्हाही मागं आपलेच स्पीकर होते.

रेज: पुरे.

क्लेम: गाणं त्याचं होतं, रेज. शब्द त्याचे, चाल त्याची. त्याच्या आवाजाची एवढीच एक खूण जगात आहे, आणि तू तिला कचरा म्हणतोस. जिल सव्वा वर्षाची होती तो गेला तेव्हा. आज ती एक्कावन्न वर्षांची आहे. बापाचा आवाज कसा होता ते तिला ऐकू दे.

रेज: तिनं ऐकलाय.

क्लेम: कुठं?

रेज: रोज ऐकते. आवरण आधी छापून आलं होतं, विसरलास? ‘गायन: नेव्हिल फेअरहर्स्ट.’ पाच हजार आवरणं. बदलायची कोणी तसदी घेतली नाही, आणि नंतर जे जे निघालं त्याच्यावर तेच उतरवत गेले. आयरीननं पोरीला मांडीवर घेऊन ती रेकॉर्ड लावली आणि सांगितलं, हा बघ तुझा बाबा.

क्लेम: आयरीनला माहीत होतं. नेव्हिलनं तिला सांगितलं असणार.

रेज: माहीत होतं. मला फोन करून म्हणाली, तू तोंड उघडायचं नाहीस. माझ्या नवऱ्याची जागा घेतलीस ना, मग आता पूर्ण घे. पोर रडायला लागली की माझ्या आवाजावर झोपायची, क्लेम. तिच्या लग्नात पहिला नाच त्याच गाण्यावर झाला. तू तेव्हा त्या जहाजावर ड्रम वाजवत होतास. नवऱ्याला म्हणाली, जरा थांब, हा बाबांबरोबर. आणि मांडवभर लोकांसमोर एकटीच नाचली, हात असे धरून. मी हातात सॉसेजचा तुकडा घेऊन उभा. गिळता येईना, टाकता येईना.

क्लेम: मला वाटत होतं, तुला वरचढ आवाजाची भीती आहे.

रेज: तीही आहे. पण तू तिला बापाचा आवाज द्यायला निघालास, आणि तिच्याकडं जो आहे तो काढून घेणार आहेस. आयरीनही आता नाही, की जाऊन विचारावं. तिच्या मातीच्या वेळीही तेच लावलं होतं पोरीनं. म्हणून म्हणतो, धुऊन टाक. कोणी विचारणार नाही, कोणाचं काही जाणार नाही. सही कर.

क्लेम: रेज, मी तिला बोलावलंय.

रेज: कधी?

क्लेम: आत्ता. बापाच्या जागी तिची सही लागते ना. ती फाटकाची कडी वाजली, तीच असेल.

रेज: तू म्हातारा नाहीस, शाप आहेस.

जिल: येऊ का? क्लेम काका, तुमच्या वाटेवर चिखल किती हा. आल्याचा केक आणलाय, आईच्या वहीतला आहे, थोडा करपलाय. रेज काका, तुम्ही बादलीवर का बसलाय?

रेज: हा मित्र आहे माझा, म्हणून.

क्लेम: ये पोरी. खुर्चीवर बस तू.

रेज: तिला मिळते खुर्ची.

जिल: नको, मी उभी बरी. दवाखान्यात दिवसभर फोनशी बसूनच असते. बरं झालं दोघं भेटलात. कंपनीनं मलाही तो कागद पाठवलाय. सगळं ठीक आहे, पण नवव्या ओळीत मी अडले. तो अनोळखी आवाज, तो मला माहीत आहे.

क्लेम: माहीत आहे?

जिल: लहानपणापासून. बाबांच्या मागं कोणीतरी आहे. हेडफोन लावला की नीट कळतं. मला भीती वाटायची त्याची. आईला म्हणायचे, बाबांच्या खोलीत अजून एक माणूस आहे. ती म्हणायची, भिंतीचा आवाज आहे, झोप. तुम्ही तर तिथं होता. कोण आहे तो?

क्लेम: जिल, ऐक—

रेज: मी आहे.

क्लेम: रेज.

रेज: मी आहे तो, जिल. तुझ्या बाबाला ओळी विसरायची खोड होती. स्वतःच लिहायचा आणि स्वतःच विसरायचा. म्हणून मी ड्रमपाशी उभा राहून मागनं पुरवत होतो. ते क्लेमच्या माइकात शिरलं.

जिल: मग कागदावर अनोळखी का?

रेज: कोणाला सांगितलं नाही कधी. लाज वाटायची.

जिल: कसली लाज?

रेज: दुसऱ्याच्या गाण्यात घुसल्याची.

जिल: म्हणून आता काढून टाकताय? एवढी वर्षं तुम्ही बाबांच्या मागं उभे होता, आणि मी भिंत समजत होते. नका काढू. पेन आहे का कोणाकडं? ही नववी ओळ मी खोडते. इथं बाजूला सही करायची ना?

क्लेम: कर. मीही करतो. आण इकडं.

जिल: रेज काका, तुम्ही?

रेज: करतो.





क्लेम: जिल, तो आवाज नदीमनं एकटा वेगळा काढून दिलाय. इथं आहे, या चकतीवर. ऐकायचाय?

रेज: नको, क्लेम. झाली ना सही.

जिल: का नको? तुमचाच आहे ना, काका?

रेज: हो.

जिल: मग?

रेज: काही नाही. लाव.

(क्लेम छोट्या प्लेअरमध्ये चकती लावतो. गाणं पावणेचार मिनिटांचं आहे. ते शेवटपर्यंत वाजतं.)

जिल: आमचा ओवेन असाच गातो.

रेज: सगळी पोरं तशीच गातात.

जिल: आंघोळीला गेला की. शेवटचा सूर धरतो, आणि सोडताना तो असाच घरंगळतो, जिन्यावर पायरी चुकावी तसा. मी दाराबाहेरून ओरडते त्याच्यावर. म्हणते, तुझ्या आजोबांचा सूर ऐक, रेघेसारखा सरळ जातो. तू कोणावर गेलास कोण जाणे.

क्लेम: किती वर्षांचा झाला तो?

जिल: बावीस. नेहमी ओरडते मी. परवाच ओरडले.

रेज: जिल, मला तुला—

जिल: तुम्ही सही केलीत ना, काका?

रेज: केली.

जिल: मग राहू द्या. चहा गार झालाय तुमचा, तो प्या.

क्लेम: पोरी, मी सांगायला हवं होतं—

जिल: पुन्हा लावा, क्लेम काका. हाच, एकटा. आणि कोण आहे ते आता मला कोणी सांगू नका.