ताब्याचं कुणी बोलेना

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आज आधी माझा प्रश्न, मग तुमचा हरिनाम! सांगा — देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल लागतो का?

नाही! वा! किती जोरात म्हणालात! बरं, आता दुसरा. घर विकायचं, घर घ्यायचं — तिथं मध्ये एजंट असावा का नसावा? ...का हो? मघाचा जोर कुठं गेला? अण्णा, जांभई नंतर द्या, आधी उत्तर द्या! हसा, हसा. हसायचं ते आत्ताच हसून घ्या. पुढं फार मिळायचं नाही.

ऐका तर. बार्शीकडची गोष्ट. नागनाथ येवले आणि सिद्राम घोंगडे, जिवाभावाचे दोस्त. नागनाथ पखवाज वाजवायचा, सिद्राम गायचा. दर एकादशीला नागनाथच्या घरी भजन. आणि त्याची बायको कलावतीबाई — अहो, काय माऊली! भजन संपलं की सगळ्यांना भगर आणि शेंगदाण्याची आमटी. सिद्रामच्या पानात जरा जास्तच! म्हणायची, "भावजी, गाणाऱ्याचं पोट आधी भरलं पाहिजे."

पण सुखाला दृष्ट लागते. कलावतीबाईंची दोन्ही मूत्रपिंडं गेली. पुण्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, घर विका, आईला इकडं आणा." नागनाथनं ठरवलं — विकायचं. आणि घेणार कोण? सिद्रामच! जन्म भाड्याच्या खोलीत गेलेला. पोरीचं लग्न ठरलेलं. त्यानं व्याह्यांना छाती ठोकून सांगितलं होतं, "लग्न माझ्या स्वतःच्या घरातनं करीन!"

आता बातमी फुटली की एजंट आलाच. वसंत फुटाणे! देवमाणूस नव्हे बरं का! यानं एकाला ओढ्याकाठचा प्लॉट विकला, "पाण्याची सोय आहे" म्हणून. होतीच सोय! पावसाळ्यात पाणी थेट स्वयंपाकघरात! तर हा फुटाणे आला, चहा प्यायला. नागनाथ म्हणाला, "वसंता, चहा पी आणि नीघ. आमच्या दोघांत तिसरा कशाला?" सिद्राम म्हणाला, "आम्ही काय परके आहोत?"

फुटाणे उठला. दारात थांबला. म्हणाला, "काका, मला एक रुपाया देऊ नका. पण एवढं बोलून घ्या — ताबा कधी?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आणि दोघं एकदम म्हणाले, "होईल की रे! घरचंच तर आहे!"

मंडळी, इथं चुकलं. इथंच!

का? ऐका ना. नागनाथच्या मनात होतं — कलावतीला या घरात एक शेवटची दिवाळी करू दे, मग जाऊ. सिद्रामच्या मनात होतं — दिवाळीच्या आत रंग लावू, पोरीची शेवटची दिवाळी स्वतःच्या घरात करू, तुळशीचं लग्न झालं की हिचं लग्न. घर एकच. दिवाळी एकच. दोघांनी मनातल्या मनात धरलेली! आणि बोललं का कुणी? छे! व्यवहार झाला, सह्या झाल्या, पेढे वाटले. ताब्याचं कुणी बोलेना.

नवरात्र आलं. सिद्राम टेप घेऊन आला, भिंती मोजायला. कलावतीबाई सुजलेल्या पायांनी उठली, चहा केला. "भावजी, बसा की." स्वतःच्या घरात पाहुणा! चहा पिऊन गेला बिचारा, टेप खिशातच. घरी बायको म्हणाली, "अहो, विचारा की!" हा म्हणतो, "कसं विचारू? वहिनी आजारी. नागूला कळत नाही का?" आणि इकडं नागनाथ म्हणतो, "सिदूला घाई असती तर बोलला असता की!"

भीड भिकेची बहीण! दोघांची भीड आत आत आंबत गेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशीचं भजन झालं — सिद्राम आला नाही. घसा बसलाय म्हणे! घसा नव्हता बसला, मन बसलं होतं.

कोजागिरी गेली. व्याह्यांचा निरोप आला, "दिवाळीत घर बघायला येतो." सिद्राम घाबरला. स्वतः जाईना! मग मध्ये माणूस आलाच, मंडळी! एजंट नको म्हणाले होते ना? मग कोण आला? सिद्रामचा मेव्हणा! तोंडाचा फाटका. नागनाथ औषध आणायला गेलेला. हा उंबऱ्यात उभा राहून त्या आजारी बाईला म्हणतो, "काय हो, घर विकून फुकट किती दिवस राहणार?"

कलावतीबाई तशीच उठली. देव ताम्हनात घेतले, पदराखाली धरले. नागनाथ आला तेव्हा ओट्यावर बसली होती. म्हणाली, "चला. भावजींना सांगता आलं नाही, म्हणून त्यांनी माणूस पाठवला."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दोघं पुण्याला गेले. आणि दिवाळी पुरी व्हायच्या आत पुण्यात ती माऊली गेली.

सिद्रामला कुणी कळवलं नाही. बाजारात कळलं. रडत रडत पुण्याला गेला. नागनाथनं दार उघडलं. पाणी दिलं. म्हणाला, "घर चांगलं ठेव." बस्! दार लागलं.

परतताना एसटी स्टँडावर फुटाणे भेटला. सिद्राम त्याचा हात धरून म्हणाला, "वसंता, तू मध्ये असतास तर?"

फुटाणे म्हणाला, "काकू वाचल्या नसत्या, काका. पण घर मोकळं करा असं मी म्हणालो असतो. दिवाळीची तारीख मी मागितली असती. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, माझ्या नावानं बोटं मोडली असती. तुमच्या नावानं नाही. शिव्या खायचीच तर दलाली घेतो मी."

मंडळी, देवाशी दलाल लागत नाही. का? त्याला न बोलता कळतं! माणसाला कळत नाही हो! आपल्याला वाटतं कळेल. नाही कळत! तोंड उघडता येत असेल तर खुशाल दोघांत व्यवहार करा. नसेल, तर भाड्यानं तोंड आणा, त्यात कमीपणा नाही.

आता शेवटचं. या मंडपात दोन सख्खे भाऊ बसलेत. एक त्या खांबाला, एक या खांबाला. नाव घेत नाही. आईच्या घराच्या वाटणीचं मनात आहे, ओठावर नाही. येताना वेगवेगळ्या दारांनी आलात, मी पाहिलं.

टाळ उचला मंडळी. तुम्ही दोघं नका उचलू. तुम्ही आधी बाहेर जा, बोला, भांडा, आणि मग या. तोवर आम्ही नाम घेत थांबतो.