बोराला डोळा भरताना

मी साक्रीकडची, डोंगराच्या पायथ्याच्या गावातली. वावर पावसाच्या पाण्यावरचं, बांधावर रानबोरं. ऐंशीच्या सालांत धुळ्याला शेतीशाळेत गेले तेव्हा मुली आम्ही दोघीच, आणि पहिल्याच वर्षी आबा, म्हणजे माझे वडील, गेले. दिवसकार्य झालं तसे काका, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, म्हणाले, शिकीसन काय करशी तू, वावर मी पेरसू, बोरं तोडीसन कुंपण करसू. आई हळूच म्हणाली, एक पावसाया थांबा, नाना.

तिला मी सांगितलं होतं, शेतीच्या मासिकात आलंय, रानबोराला चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा सालीसकट काढून, भरला की तेच झाड मोठी, गोड बोरं देतं. आता काय सांगू तुम्हाला, वाचनालयात अंक एकच, बाहेर न्यायचा नाही, बाकावर मुलं बसायची आणि आम्ही दोघी टेबलाच्या पलीकडे उभ्या, उलटी अक्षरं वाचायची सवयच झाली होती, एक जण तर म्हणायचा, बाई, पान फिरवू का तुम्हाला फिरवू. आम्ही हसायचो आणि वाचायचो. डोळ्याचं चित्र मी तिथूनच उतरवून घेतलं.

उन्हाळ्यात आईने आणि मी झाडं बुडाशी छाटली. पावसात नवे फुटवे आले, तेव्हा शाळेच्या बागेतल्या चांगल्या बोराच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने आणल्या आणि चित्र पुढे ठेवून डोळे भरले. सगळे काळे पडले. नाना बांधावरून म्हणाले, तुना कागद पिकना का, माय?

रडले नाही मी. आबांसाठीचं रडणंही राहूनच गेलं होतं. धुळ्याला गेले, वाचनालयात मुलांना म्हटलं, सरका, आणि बाकावर बसून अंक समोर घेतला. अक्षरं मनात सुलटी व्हायची, चित्र मात्र दिसलं तसंच उतरलं होतं. सगळे डोळे मी खाली तोंड करून बसवले होते. तो चिडवणारा हसायला लागला, म्हटलं, हस नंतर, आधी काड्या तोडायला चल. आला बिचारा.

पाऊस अजून होता. पुन्हा भरले. कोंब फुटले तेव्हा नाना आले, एकेका कोंबाशी वाकले, मग म्हणाले, शेळ्या खाई जातीन, भोवती काटा मी लावस, तू शायमा जाय.

तशी शाळेत परत गेले, शिक्षण पुरं केलं, वावर आमच्याकडेच राहिलं. आई गेली या पौषात, बोरं पिकलेली असताना. तिच्याशिवायची पहिली छाटणी आता उन्हाळ्यात. करणार आहे मीच. तुम्ही हंगामाला या, पिशवी घेऊन या.