बंद दाराची आतली कड

"सायकलस्वार महिलेने बंद दाराच्या, उभ्या मोटारीस स्वतःहून धडक दिली, सबब भरपाईचा दावा अमान्य," विमा अधिकाऱ्याने न पाहिलेला अपघात पाहिल्यासारखा वाचला. रांगेत माझ्यापुढे उभ्या त्या महिलेचा हात प्लास्टरमध्ये होता.

"साहेब, हा तुमच्याच माणसाने काढलेला फोटो. सायकलचा हिरवा रंग दाराला कुठे लागलाय?"

"आतल्या कडेला."

"बंद दाराच्या? म्हणजे माझी सायकल आधी गाडीत जाऊन बसली आणि मग धडकली?"

अधिकारी शेजारच्या मोटारमालकाकडे वळला. "काका, दार बंद होतं ना?"

"होतं की. बाई जवळ येईपर्यंत बंदच होतं."

"मग काय झालं, काका? साहेब, आता जसंच्या तसं लिहून घ्या."

"मग मी उतरलो. दर वेळी मागे बघून दार उघडायचं म्हटलं, तर माणसाने उतरायचं कधी?"