टिंबाच्या पुढचे आकडे

माजं माहेर मिठागरातलं, उरणच्या खालच्या अंगाला, बाप मीठ वढायचा नि आई टोपल्या भरायची, पण मला त्यांनी बारावी करवली, गणितात मी हुशार होते, खोटं कशाला सांगू, आणि मंग लग्न होऊन या गावात आले नि अंगणवाडीत लागले, त्याला आता एकवीस वर्सं झाली, गाव मला बाई म्हणतं.

पोरांची वजनं घ्यायची म्हणजे तवा लटकता काटा होता, वाशाला टांगायचा, खाली झोळी, झोळीत पोर, नि पोर रडतंय, पाय झाडतंय, काटा हलतोय. त्या काट्याला रेघा शंभर शंभर ग्रॅमच्या, मधे काय न्हाय. पण मोबाईलमधे जो फॉर्म आला त्यात टिंबाच्या पुढं तीन घरं. मी सात पॉइंट दोन लिवलं की पुढं दोन शून्यं पडायची, सगळ्यांचीच शून्यं, तर आमच्या वरच्या सुपरवायझर मॅडम म्हणल्या, हे घरी बसून भरल्यासारखं दिसतंय, तीनदा वजन घ्या नि सरासरी काढा. मंग मी तीनदा घ्यायची नि भागायची. सात दोन, सात दोन, सात तीन, भागिले तीन, सात पॉइंट दोनशे तेहेतीस. काय सांगू तुम्हाला, तो आकडा बघून मलाच बरं वाटायचं, असं वाटायचं की आपण पोराचं ग्रॅम न् ग्रॅम वजन केलं. मीटिंगमधे मॅडमनी मला उभं करून सांगितलं, यांच्यासारखं काम करा.

आणि आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलं न्हाय. काटा दोन रेघांच्या मधे थांबला की मी वरची, जास्त वजनाची रेघ धरायची. दर वेळी न्हाय. पण धरायची.

सुनीता म्हणून होती, हाय, माज्या दारासमोरच राहते, नवरा कंटेनरच्या गाडीवर, तिची पोरगी आर्या अकरा महिन्यांची. सुनीता आली नि म्हणली, बाई, हिचा करदोटा सैल झालाय वो, मी तिला दवाखान्यात दाखवू का. मी तिला मोबाईल दाखवला, मागच्या महिन्याला सात पॉइंट दोनशे तेहेतीस होतं, आता दोनशे सदुसष्ट, चौतीस ग्रॅम वाढली, तक्त्याच्या हिरव्या पट्टीत हाय, उगा रिक्षाला पैसे नको घालू. पुढच्या महिन्याला सात पॉइंट तीनशे. बग, परत वाढली. ती आई होती, तिच्या हाताला कळत होतं, नि मी तिला आकड्यानं गप्प केलं.

पुढच्या महिन्यात पोरीला रोज संध्याकाळी ताप यायला लागला, खाणं सुटलं, तवा मीच त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर माज्या पोरीच्या वयाची. तिनं माजी नोंद बघितली, मंग विचारलं, काटा कुठला हाय. मी सांगितला. ती रागावली न्हाय, आवाज पण चढवला न्हाय, नुसतं म्हणली, ताई, काट्याला जे दिसत न्हाय ते तुमाला कुठून दिसलं?

मंग तिनं कागदावर लिवून दाखवलं. रेघ शंभरची, तर तुमाला शंभरचं कळतं, फार तर पन्नासाचा अंदाज. भागाकारानं आकडे वाढतात, माहिती वाढत न्हाय. सात दोन नि सात तीन म्हणजे काटा तिथल्या तिथंच, या वयाच्या पोरीला तीन महिने तिथल्या तिथं म्हणजे वाढ थांबली. एवढं गणित मला येत नव्हतं का? येत होतं. बारावीला आमच्या सरांनी शिकवलं होतं, मोजलंय तेवढंच उत्तरात लिवा, बाकी खोडा. शेजारी सुनीता उभी, तिला त्यातलं काय कळलं न्हाय.

छातीत क्षयाच्या गाठी निघाल्या. सहा महिने औषध चाललं नि पोरगी सुधारली, देवाची दया. पण आधी आणली असती तर एवढी वाळली नसती, हे डॉक्टर बोलली न्हाय, मी बोलते.

आता वजनाचं मशीन विजेचं हाय. नुसता पंखा चालू असला तरी शेवटचा आकडा नाचतो, मी पंखा बंद करते, नि तरी नाचला तर तो लिवत न्हाय, शून्य टाकते नि शेऱ्यात लिवते की एवढंच खात्रीचं. मॅडम बोलतात, बोलू दे.

आर्या तिसरीत गेली, उंचीला कमी हाय, पण पळते चांगली. सुनीता सगळ्या आळीला सांगते, बाईंनी नेलं म्हणून पोरगी वाचली. कोळंबी आणली की पहिला वाटा माज्या घरी देते. मी घेते. न्हाय म्हणायला तोंड लागतं ना. पोरीला उदंड आयुष्य मिळू दे, माजं त्यातलं थोडं गेलं तरी चालेल. तुमी हे लिवताय, सुनीताला वाचता येतं. वाचू दे तिला.