आइस्क्रीमच्या चमच्याला कल्हई

आइस्क्रीम वाढताय, तर आमच्या लोणावळ्याच्या घरातली एक गंमत ऐकून घ्या. माझं नुकतंच लग्न झालं होतं. ह्यांनी मुंबईहून आइस्क्रीम वाढायचा चमचा आणला. दांडी दाबली की आतली पट्टी फिरायची आणि गोळा अलगद बशीत पडायचा.

सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "अगं, आतून पितळ आहे. आंब्याचं आइस्क्रीम यात कळकेल. आधी कल्हई!"

वलवणहून येणारा कल्हईवाला दारात भट्टी पेटवून बसलाच होता. पातेल्यांबरोबर चमचाही गेला. परत देताना तो खुशीत म्हणाला, "मावशी, आतनं-बाहेरनं समदी केली बगा. कुटं जागा सोडली न्हाई."

नव्हतीच सोडली. संध्याकाळी पाहुण्यांसमोर ह्यांनी दांडी दाबली, तर पट्टी कल्हईच्या कथलात घट्ट बसलेली. चिडून चमचा बशीवर आपटला. बशी फुटली, गोळा जागचा हलला नाही.

सासूबाई म्हणाल्या, "दे इकडे. चकाकतोय किती छान!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला तूप लावून आंबेमोहराची मूद पाडली. मग रोज तेच. राखेने स्वतः घासायच्या, पुसून कोनाड्यात ठेवायच्या. अजून आहे माझ्याकडे. कल्हई गेली, सासूबाईही गेल्या.

त्या होत्या तेव्हाच एकदा तळेगावच्या एका लग्नात वाढप्याने तसाच चमचा काढून आइस्क्रीम वाढायला घेतलं. सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, "अगं, भाताच्या चमच्याने वाढतोय मेला! खरकटा नाही ना, विचार."

आणि खरं सांगते, मी विचारलं.