खुर्चीला बांधलेला दोर

विषय : कचेरीच्या छपरावर दोर बांधण्यासाठी कायमची लोखंडी कडी बसविणेबाबत.

आमच्या रत्नागिरीच्या कचेरीची कौलं परतायला पालीचा शांताराम यायचा. कमरेच्या दोराचं दुसरं टोक तो आढ्यावरून पलीकडे टाकून, खिडकीतून आत घेऊन माझ्या खुर्चीला बांधायचा.

"मी उतरेपर्यंत उठू नका हां, भाऊ. नुसत्या खुर्चीवर माझा इस्वास नाय."

एकदा साहेबांनी केबिनमधून हाक मारली. मी म्हटलं, "साहेब, उठलो तर शांताराम पडेल." साहेबच बाहेर आले. त्याच दिवशी मी कड्यांसाठी अर्ज केला.

माझ्या निरोपसमारंभात शांतारामनं हार घातला आणि हळूच विचारलं, "भाऊ, आता दोर कोणाला बांधू?"

निवृत्तीला चार वर्षं झाली. कौलं परतायची असली की मी जाऊन त्याच खुर्चीत बसतो. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.