वीस खाटांचा वॉर्ड

फो लोन : साहेब आता खाली येईल, सान यी. शेवटचं विचारतो. सांगणार आहेस का नाही?

सान यी : मी नर्स, काका. साहेबाचं बोलणं तुमच्या भाषेत सांगायचं आणि तुमचं त्याच्या. पगार तेवढ्याचाच आहे.

फो लोन : मला नको शिकवूस. बावीस वर्षं या दवाखान्याच्या दारात बसलोय मी. रंगूनहून कागद आलाय. पुरुषांच्या वॉर्डात वीस खाटा, वर्षभरात रोगी नऊ. कारण कळवा, नाहीतर कुलूप लावा. खरं का नाही?

सान यी : खरं.

फो लोन : आणि कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक! बायकांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर, पुरुषांचा खाली. कोण बाप्या डोक्यावर बायकांचे पाय घेऊन झोपेल? तेज उरेल का अंगात? मी झाडायला आत जातो तोसुद्धा जीव मुठीत धरून. दोन हात मारले की पळालो बाहेर!

सान यी : तरीच कोपऱ्यात एवढी जळमटं.

फो लोन : थट्टा पुरे. बायका खाली, पुरुष वर. चार हमाल लावले तर अर्ध्या दिवसाचं काम. सांग की त्याला.

सान यी : सांगितलं होतं. सहा वर्षांपूर्वी, माझा आऊंग डिन ताडावरून पडला तेव्हा. मांडीचं हाड बाहेर आलं होतं. म्हणाला, ताई, खाली नाही झोपणार. मी साहेबाचे पाय धरले. म्हटलं, त्याची खाट ओसरीत टाका, जिन्यापाशी टाका. तर म्हणतो, छत सागवानी आहे, त्यातून तुझ्या भावाचं तेज गळतं का? सगळे खो खो हसले. भावाला बैलगाडीतून घरी नेलं. तिसऱ्या दिवशी गेला. वीस वर्षांचा होता, काका!

फो लोन : माहीत आहे. गाडी मीच हाकली होती.

सान यी : या इमारतीचा नकाशा त्याच्या हातचा. दारावर नाव त्याचं. कुलूप लागलं की रंगूनला त्याचं तोंड काळं होईल. सहा वर्षं याच दिवसाची वाट बघतेय मी. तोंडातून शब्द काढायची नाही.

फो लोन : त्याला बंगला आहे गं. मरण माझ्या लेकीचं! जावयाचा पाय भातगिरणीच्या पट्ट्यात गेलाय. समोर धर्मशाळेत पडलाय, जखमेला वास सुटलाय. पुरुष वर गेले तर आज आणतो त्याला. नाहीतर बोटीनं दोन दिवस, मोठ्या इस्पितळात. तेवढा टिकेल तो?

सान यी : जखम रोज मीच धुते ना?

फो लोन : धुवून हाड जुळतं का? राहू दे. मीच बोलतो साहेबाशी. तू फक्त पोचव.

(टॉलिव्हर साहेब हातात कागद घेऊन येतात, मागोमाग त्यांचा चपराशी. त्यांना इथली भाषा येत नाही, फो लोनला त्यांची. सान यी दोघांच्या मध्ये उभी राहते.)

साहेब : हा म्हातारा हात जोडून का उभा आहे?

फो लोन : साहेब, बायकांना खाली आणा, पुरुषांना वर न्या. आठवड्यात वॉर्ड भरतो की नाही बघा!

साहेब : वर बोट कशाला दाखवतोय?

सान यी : म्हणतो, सगळी वरच्याची मर्जी. आजारी माणसानं घरीच पडून राहावं.

साहेब : वाटलंच मला. याच्या घरचं कुणी आजारी पडलं, तर आणेल का इथे? विचार.

सान यी : काका, साहेब विचारतात, जावयाला आणाल का?

फो लोन : आणेन म्हणजे? वर खाट द्या, पाठुंगळीला मारून आणतो! सांग त्यांना!

सान यी : म्हणतो, धर्मशाळेत मेला तरी चालेल. इथे नाही.

साहेब : घे. लिहिलं. 'इमारत उत्तम, रोगी अडाणी. वॉर्ड बंद करावा.' आणि ही सही. चपराशी, हा कागद बंद करून टपालात टाक. पळ.

सान यी : पण साहेब, रंगूनला तुम्हालाच बोल लागेल ना?

साहेब : मला? हे वाचल्यावर? पुढच्या महिन्यात बढती घेऊन तिकडेच चाललोय मी.

सान यी : साहेब, थांबा! माझं सांगायचं चुकलं. म्हातारा म्हणत होता...

साहेब : त्याचं पुष्कळ ऐकलं. माझा चहा निवतोय.

फो लोन : गेला! एका शब्दात ऐकलं बघ माणसानं, आणि तू उगीच डूख धरून बसलीस. छान पोचवलंस हो पोरी. आता जावयाला खिडकीजवळची खाट दे. फार उकडतं त्याला.

सान यी : काका, दुपारची बोट गाठा.

फो लोन : बोट कशाला? सही झाली ना माझ्या डोळ्यांदेखत?

सान यी : झाली. वॉर्ड बंद करायच्या कागदावर झाली. उठा काका, मी येते तुमच्याबरोबर त्याला उचलायला.